सोळापैकी आठ

नमस्कार, श्रोतेहो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या, आज चार-पाच आकडे सांगायचे आहेत. नसेल तरी बिघडत नाही, कामाचे आकडे दोनदा सांगेन.

विषय आहे कोरियन राम्यॉन. पाकिटातल्या, तळून वाळवलेल्या शेवया आणि सोबतची मसाल्याची पुडी. नमुन्याला घेऊ या लाल पाकिटातलं शिन राम्यॉन. नोंगशिम कंपनीने 1986 साली बाजारात आणलेलं. 'शिन' म्हणजे तिखट. 'नोंगशिम' म्हणजे शेतकऱ्याचं मन. आता त्या मनाचा आणि पाम तेलाचा संबंध काय, ते मला विचारू नका.

दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या या पाकिटावर काय लिहिलेलं असतं ते ऐका. वजन 120 ग्रॅम. उष्मांक 500. कर्बोदकं 79 ग्रॅम, प्रथिनं 10 ग्रॅम, स्निग्धांश 16 ग्रॅम, त्यातले संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड, 8 ग्रॅम. आणि सोडियम 1790 मिलिग्रॅम. पुन्हा सांगतो: उष्मांक 500, स्निग्धांश 16, त्यातले संपृक्त 8, सोडियम 1790.

पाकिटाचा हिशेब तपासायची एक सोपी रीत आहे. कर्बोदकं आणि प्रथिनं यांच्या दर ग्रॅमला 4 कॅलरी, स्निग्धांशाच्या दर ग्रॅमला 9. म्हणजे 79 चोक 316. प्रथिनांचे 40. सोळा नव्वे 144. बेरीज बरोबर 500. हिशेब चोख आहे, तक्रार करायला जागा नाही. कोणतंही पाकीट या गणितात घालून पाहा. दहा-वीस कॅलरींचा फरक चालतो, शंभराचा पडला तर वाटणी कशाची आहे ते बघा. वाटणी म्हणजे 'एका वेळचा वाटा'. काही परदेशी पाकिटांवर हा वाटा अर्ध्या पाकिटाचा धरतात. अर्धं राम्यॉन शिजवून उरलेलं अर्धं उद्यासाठी ठेवणारा मनुष्य जगाच्या पाठीवर कुठे राहतो, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

आणखी एक घोटाळा तुलनेत होतो. आपल्याकडचं नेहमीचं मसाला नूडल्सचं पाकीट साधारण 70 ग्रॅमचं, हे 120 ग्रॅमचं. पाकिटाशी पाकीट लावून 'कोरियन फारच जड' म्हणू नका. तुलना करायची ती शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम.

आता 16 ग्रॅम स्निग्धांश येतो कुठून? मैदा मळताना त्यात थोडा क्षार घालतात, पोटॅशियम आणि सोडियमचे कार्बोनेट. आपला पापडखार याच कुळातला. त्यामुळे शेवई पिवळसर होते आणि तिला चिवटपणा येतो. मग शेवया वाफवतात, वडीच्या साच्यात घालतात आणि 140 ते 160 अंशांच्या तेलात मिनिट-दोन मिनिटं तळतात. पाणी बाहेर पडतं आणि त्या भोकांत तेल शिरतं. गरम पाण्यात वडी साडेचार मिनिटांत शिजते ती या भोकांमुळेच. म्हणजे झटपटपणा आणि तेल हे एकाच भोकातून येतात.

आणि 16 पैकी 8 संपृक्त. बरोबर निम्मं. हे निम्मं का, याची एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी काही पुढे जाणार नाही.

कोरियातलं युद्ध 1953 साली थांबलं, पण 1960 च्या सुमारासही तिथे तांदूळ पुरत नव्हता. राजधानी सोलमध्ये नामदेमुन नावाचा मोठा बाजार आहे. तिथे मजूर लांब रांग लावून उभे असायचे ते एका पेजेसाठी. अमेरिकी लष्करी तळांच्या भटारखान्यातलं उरलंसुरलं गोळा करायचं, पाणी घालून उकळायचं, आणि वाडगा 5 वॉनला विकायचा. लोकांनी तिला नाव दिलं होतं कुल्कुरी-जुक, म्हणजे डुकरांची पेज. तीत सिगारेटची थोटकंही निघत, असं सांगतात.

ही रांग पाहिली जॉन जुंग-युन नावाच्या गृहस्थांनी. ते विमा व्यवसायातले. जपानमध्ये त्यांनी झटपट नूडल्स खाल्लेल्या होत्या, आणि या रांगेचा उपाय तोच असं त्यांच्या मनाने घेतलं. 1961 साली त्यांनी सामयांग कंपनी काढली. यंत्रं आणायला डॉलर हवेत, आणि देशाकडेच डॉलरची चणचण. सरकारदरबारी खेटे घालून त्यांनी परकीय चलन मिळवलं आणि जपान गाठलं. तिथे म्योजो या नूडल्स कंपनीचे प्रमुख ओकुई यांनी त्यांना यंत्रं दिली, तंत्र शिकवलं आणि त्या शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. जॉन कारखान्यात उभे राहून पीठ मळण्यापासून तळण्यापर्यंत सगळं शिकले. फक्त एक गोष्ट तिथले तंत्रज्ञ सांगेनात: सूपच्या मसाल्याचं प्रमाण. ते घराण्याचं गुपित! शेवटी जॉन रिकाम्या हाताने परत निघाले. विमानतळावर ओकुईंच्या सचिवाने येऊन त्यांच्या हातात एक बंद लिफाफा ठेवला. उघडून पाहतात तो आत मसाल्याचं प्रमाण. गोष्ट अशी सांगतात, आणि कोरियात ती फार मायेने सांगतात.

15 सप्टेंबर 1963. कोरियातलं पहिलं राम्यॉन विक्रीला आलं. वजन 100 ग्रॅम, किंमत 10 वॉन, चव कोंबडीच्या सूपची. आणि कोणी घेईना! राम्यॉनमधला 'म्यॉन' म्हणजे शेवया, पण कोरियन भाषेत सुती कापडालाही तोच शब्द. लोकांना वाटलं, हे काहीतरी कापड-सूत दिसतंय. मग कंपनीच्या माणसांनी रस्त्यावर चुली मांडल्या आणि फुकट खाऊ घातलं.

पुढे सरकारनेच तांदळाऐवजी गहू खा असा धोशा लावला. गहू होता अमेरिकेचा, पी. एल. 480 या तिथल्या धान्य-मदतीच्या कायद्याखाली आलेला. तोच कायदा आपल्याकडेही गहू आणि मिलो नावाची ज्वारी घेऊन आला होता. मिलो ज्वारीच्या भाकरीची चव आठवणारे श्रोते असतील, त्यांना सांगायला नको. आपण ती ज्वारी विसरायचा प्रयत्न केला, कोरियाने त्या गव्हाचं राम्यॉन केलं. आज तिथे माणशी वर्षाला 70 हून जास्त वाट्या उठतात.

आता लक्षात घ्या, भुकेल्या देशात तळलेलं असणं हा दोष नव्हता, गुण होता. शेवया तळायला सामयांग गुरांची चरबी वापरत असे. कोरियन जिभेला गोमांसाचं सूप ओळखीचं, त्या चरबीची चव त्याच्याशी जुळायची. आणि ही चरबी पाम तेलापेक्षा महाग पडते, असं कंपनीचं म्हणणं.

मग 1989 चा नोव्हेंबर उजाडला. सरकारी वकिलांकडे एक निनावी पत्र गेलं होतं: राम्यॉनसाठी कारखान्यात वापरायची, खाण्यास अयोग्य चरबी आयात होते. 3 नोव्हेंबरला बातमी फुटली. सामयांगसह पाच कंपन्यांवर ठपका आला. मुळात भानगड होती प्रतवारीची. अमेरिकेत वरच्या प्रतीची चरबी तेवढी खाद्य म्हणून नोंदली जात होती. खालच्या प्रतीची तिथले लोक खात नाहीत म्हणून ती त्या यादीत नव्हती. कोरियन कंपन्या ती आणून शुद्ध करून घेत. पण हे बारीक अक्षरातलं कोण वाचतो? 'साबणाची चरबी' एवढे दोन शब्द पुरले. आपल्याकडे 1983 साली वनस्पती तुपात गुरांची चरबी मिसळल्याच्या प्रकरणाने केवढं रान पेटलं होतं, ते जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. कोरियातला राग निराळ्या कारणाचा होता, त्यांना चरबीचं वावडं नव्हतं. पण पाकिटं दुकानांतून उचलली गेली ती गेलीच. आरोग्य खात्याने काही दिवसांतच धोका नसल्याचं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटका व्हायला मात्र 1997 साल उजाडलं. आठ वर्षं! तोवर सगळ्या कोरियाचं राम्यॉन पाम तेलात तळलं जाऊ लागलं होतं आणि सामयांगची पहिली जागा कधीच गेली होती.

आणि गंमत अशी की पोषणाच्या तक्त्यात या बदलाने फारसं काही हललं नाही. गुरांच्या चरबीत संपृक्त भाग निम्म्याच्या आसपास, पाम तेलातही निम्म्याच्या आसपास. म्हणून तर 16 पैकी 8! फरक म्हणायचा तर कोलेस्टेरॉलचा, ते वनस्पती तेलात नसतं. 2025 च्या 3 नोव्हेंबरला, बरोबर त्याच तारखेला, सामयांगने गुरांची चरबी आणि पाम तेल मिसळून तळलेलं 'सामयांग 1963' बाजारात आणलं. छत्तीस वर्षं तारीख लक्षात ठेवणारी कंपनी!

असो. वेळ भराभर जातोय, आणि मुख्य आकडा राहिला आहे. सोडियम 1790.

सोडियमचं मीठ करायचं तर अडीचने गुणा. 1790 मिलिग्रॅम म्हणजे जवळपास साडेचार ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाला दिवसाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना सांगते ती 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ, सपाट चहाचा चमचा. एका वाडग्यात साडेचार ग्रॅम, दिवसाचे मिळून 5 ग्रॅम. उरलेल्या अर्ध्या ग्रॅममध्ये सकाळचे पोहे, जेवण, लोणचं, पापड सगळं बसवायचं. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी हे नीट ऐकावं.

पण पाकिटावरचा आकडा आणि पोटात गेलेला आकडा हे दोन वेगळे असू शकतात. बरंचसं मीठ मसाल्याच्या पुडीत, म्हणजे सुपात असतं. थोडं वडीच्या पिठातच मळलेलं असतं, त्याचं काही करता येत नाही. सूप तळाशी सोडलं की त्यातलं मीठही तळाशी राहतं. इथे सगळ्यात मोठी चूक ऐका: 'खारट वाटतंय, पाणी वाढवा.' पाणी वाढवलं की चव फिकी होते, मीठ तेवढंच राहतं. सगळं सूप प्यायलात तर साडेचारच्या साडेचार ग्रॅम आत. कमी करायची ती पुडी, वाढवायचं ते पाणी नव्हे. 550 मिलिलिटर पाणी, म्हणजे 200 मिलीच्या पेल्याने पावणेतीन पेले. पुडीचे दोन भाग घाला, तिसरा बाजूला ठेवा. आणि घालायची ती आच बंद करायच्या मिनिटभर आधी, म्हणजे शेवईत मीठ कमी मुरतं. खळखळत्या पाण्यात पुडी एकदम ओतू नका, फेस उसळून पाणी शेगडीवर येतं आणि तिखटाच्या वाफेने ठसका लागतो तो वेगळा.

तेल कमी करायचं असेल तर वडी वेगळ्या पाण्यात उकळून ते पाणी टाका, आणि पुडी ताज्या गरम पाण्यात घाला. थोडं तेल, थोडं मीठ जातं. चवही थोडी जाते, खोटं कशाला बोलू? नाहीतर न तळता हवेवर सुकवलेलं घ्या. शिनचंच तसं पाकीट 2019 मध्ये निघालं, 97 ग्रॅमचं, 350 कॅलरींचं. मिठाचा तक्ता मात्र त्याचाही वाचा. न तळलेलं म्हणजे अळणी नव्हे.

प्रथिनं 10 ग्रॅम, ती बहुतेक गव्हाची. एक अंडं घातलं की 6 ग्रॅमची भर. अंडं न खाणाऱ्यांनी टोफू किंवा मोड आलेली कडधान्यं घालावीत, कोरियन लोकही मोड घालतातच. चीजची चकती घालायचं जे खूळ आलंय, तिच्यात प्रथिनांबरोबर मीठही येतं. शाकाहारी मंडळींनी एक पाहावं: नाव तेच, पण देशादेशांत आतला मसाला वेगळा असतो. कोरियातल्या पाकिटात गोमांसाचा अर्क असतो. आपल्याकडच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून मगच घ्या.

आता मुलांचं लाडकं बुलदाक. बुल म्हणजे आग, दाक म्हणजे कोंबडी. 2012 पासूनचं, सामयांगचंच. पाकीट 140 ग्रॅम, 530 कॅलरी, सोडियम 1280. ऐकायला शिनपेक्षा बरं वाटतं ना? 1790 कुठे, 1280 कुठे! पण इथे सूप नाही. 600 मिली पाण्यात 5 मिनिटं उकळायचं, आठ चमचे पाणी ठेवून बाकीचं ओतायचं, सॉस घालून अर्धा मिनिट परतायचं. सगळा सॉस शेवईला चिकटतो आणि ताटली चाटूनपुसून साफ होते. म्हणजे 1280 ची सगळी पोटात, सव्वातीन ग्रॅम मीठ. शिनचं सूप सोडता येतं, बुलदाकचा सॉस सोडता येत नाही. मुलांसाठी अर्धाच सॉस पिळा, मीठ आणि जाळ दोन्ही कमी होतात. 2024 च्या जूनमध्ये डेन्मार्कच्या अन्न खात्याने याचे तीन जहाल प्रकार दुकानांतून काढायला लावले, कारण मिरचीतलं कॅप्सायसिन फार. जुलैत दोन परत आले, तिप्पट तिखटवालं मात्र बाहेरच राहिलं. तोंड पोळलं तर पाणी पिऊ नका. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी ते तोंडभर पसरवतं. दूध प्या, दही खा.

राहिला सुपात भात कालवून खाण्याचा प्रश्न. कोरियात तो रिवाज आहे, आणि चव झकास लागते. पण सोडलेलं सगळं मीठ त्या भातावाटे परत येतं, हे धरून ज्याने त्याने ठरवावं. नमस्कार.