आधी डंप, मग रीलोड

[दृश्य: जुळे सोलापूर, रात्र. टेबलावर दोन मॉनिटर. फोन स्पीकरवर.]

"मॅडम, सीपीयू दोन हाल्ट झालाय. रीलोड देऊ?"
"थांब. हाल्ट कोड लिहून घेतलास? डंप?"
"नाही अजून."
"मग रीलोडचं नाव काढू नकोस."

निवेदन:
हे मशीन इथं नाही. ते दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये आहे आणि त्याच्यावर एटीएमचे व्यवहार चालतात. त्यातला एक प्रोसेसर, सीपीयू दोन, हाल्ट झालाय, म्हणजे थांबलाय, तरी पैसे काढायला आलेल्या कुणालाही त्याचा पत्ता नाही. रीलोड म्हणजे तो पुन्हा सुरू करणं, आणि डंप म्हणजे त्याच्या मेमरीची प्रत.

हा नॉनस्टॉप सर्व्हर. जिमी ट्रेबिग यांनी १९७४ मध्ये टँडम कंपनी काढली आणि १९७६ मध्ये पहिलं मशीन ग्राहकाकडे गेलं. पुढे कंपनी कॉम्पॅककडे, मग एचपीकडे गेली. मूळ विचार मात्र तोच राहिला: प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र, आणि महत्त्वाची प्रत्येक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, जोडीनं चालणार. मुख्य प्रोसेस एका प्रोसेसरवर, तिची जोडीदार दुसऱ्यावर. मुख्य प्रोसेस आपलं काम कुठवर आलं ते जोडीदाराला कळवत राहते.

पहिल्या मशीनवर प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला बाकीच्यांना 'मी जिवंत आहे' असा निरोप धाडायचा, आणि दर दोन सेकंदांनी निरोप आले का ते तपासलं जायचं. निरोप आला नाही, की तो प्रोसेसर गेला असं धरून जोडीदार प्रोसेस काम उचलायची. अर्धवट राहिलेला व्यवहार मागे फिरवला जातो, म्हणून खात्यात भलतंच काही उरत नाही.

[दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागावर चादर. बाण्याचा धागा तुटतो, माग थांबतो.]

निवेदन:
धागा तुटल्यावरही माग चालत राहिला, तर पुढचं सगळं कापड खराब निघेल. प्रोसेसरही तसाच. आपल्या मेमरीत काही विसंगत दिसलं, तर चुकीचा आकडा डिस्कवर लिहिण्याआधी तो स्वतःच थांबतो. म्हणून हाल्ट दिसला की घाबरायचं नाही. मशीननं आपलं काम चोख केलंय.

पण का थांबला? त्याचं उत्तर फक्त त्या थांबलेल्या मेमरीत असतं, आणि रीलोड दिला की ती मेमरी पुसली जाते.

[दृश्य: स्क्रीन जवळून. टक्क्याच्या चिन्हानं सुरू होणारा आकडा.]

निवेदन:
हा हाल्ट कोड. टक्क्याचं चिन्ह म्हणजे आकडा अष्टमान पद्धतीतला, ० ते ७ एवढेच अंक वापरणारा. तो जसाच्या तसा उतरवून घ्यायचा. मग डंप घेणारी आरसीव्हीडंप कमांड: चालू असलेला एक प्रोसेसर बंद प्रोसेसरची मेमरी ओढून घेतो आणि डिस्कवर तिची फाइल करतो. मेमरी मोठी असेल तर वेळ लागतो, आणि खरी परीक्षा इथंच असते. तोवर कित्येक प्रोसेस जोडीदाराविना चाललेल्या असतात. दुसरा प्रोसेसरही गेला, तर त्यांना उचलणारं कुणी नाही. वरून फोन येत राहतात, "झालं का?" तरीही डंप सोडायचा नाही, असं या मॅडम ठामपणे सांगतात. कारण सापडलं नाही, तर तोच हाल्ट पुढच्या महिन्यात पगाराच्या दिवशी येऊ शकतो.

टँडममध्ये काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये याच कंपनीची मशीन बंद पडण्याची कारणं मोजली. हार्डवेअरचा वाटा १८ टक्के निघाला. मशीन चालवणं, देखभाल आणि मांडणी, म्हणजे माणसांच्या हातचं काम, ४२ टक्के. सॉफ्टवेअरचे बरेच दोष पुन्हा तेच काम करायला गेलं तर येतही नाहीत, हेही त्यांनी दाखवलं. म्हणून तर जोडीदार प्रोसेस त्याच खड्ड्यात सहसा पडत नाही. आणि म्हणूनच असा दोष नंतर शोधून सापडत नाही. डंप हाच काय तो पुरावा.

[दृश्य: मॉनिटर. डंप पूर्ण झाल्याची ओळ.]

"डंप झाला, मॅडम. फाइलचा साइझही बघितला."
"आता दे रीलोड."

निवेदन:
चालू प्रोसेसरकडून ऑपरेटिंग सिस्टिम सीपीयू दोनमध्ये भरली जाते. यासाठी मशीन बंद करावं लागत नाही. सगळेच प्रोसेसर थांबले असते, तर मात्र सिस्टिम लोड करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

प्रोसेसर वर आला, जोडीदार प्रोसेस उभ्या राहिल्या. पण डिस्कचा कारभार अजून दुसऱ्याच प्रोसेसरच्या गळ्यात आहे. तो आपोआप परत येईल असं धरून चालत नाही. एससीएफ हे उपकरणं सांभाळायचं साधन उघडून एकेका डिस्कला प्रायमरी कमांड द्यायची, तेव्हा भार पुन्हा सारखा वाटला जातो.

"डिस्क सगळ्या हलवल्यास?"
"एक राहिलीये."
"ती हलव, आणि कोड नि डंप फाइलचं नाव घालून कंपनीकडे केस टाक. मग जेव."