दाथ मेथर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'परदेशातली मुलं आणि आशा'. आशेकडे येतेच, आधी सुरी-काट्याचा हिशेब मिटवते.

बर्लिनला राहायला गेले तेव्हा माझी तक्रार एकच. आरशासमोर घोकून घोकून जर्मन वाक्य तयार करायचं, दुकानात जाऊन ते सुरू करायचं, आणि समोरचा माणूस अर्ध्यातच इंग्रजीवर उतरायचा. सौजन्यानंच हं! पण रोज दहा जणांनी असं सौजन्य दाखवलं की माणसाची वाचा बसते. एका कार्यालयातल्या बाईंनी तर वाहतूक थांबवावी तसा हात करून माझं वाक्य थांबवलं. तेही क्रियापदाच्या अलीकडे! आणि जर्मनमध्ये क्रियापद बरेचदा वाक्याच्या पार शेवटी दडून बसतं, हे ज्यांना माहीत आहे ते आत्ता हसताहेत. दिसतंय मला.

तर आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात तळमजल्यावरची एक सहा वर्षांची मुलगी भातुकली मांडून बसायची. मी निळ्या डब्यात रद्दी टाकायला उतरले होते. तिनं बोटभर चमचा माझ्यापुढे धरला : हे काय? मी म्हटलं, 'दास ल्योफेल.' तिनं डोळेच मिटून घेतले. 'डेअर!' जर्मनमध्ये चमचा तो, म्हणजे 'डेअर'; काटा ती, म्हणजे 'डी'; सुरी ते, म्हणजे 'दास'. आता तीन लिंगांचं आपल्याला काय कौतुक? पण आपला काटा तो आणि सुरी ती. हे सगळं डोक्यातून उपटून पुन्हा लावायचं. त्यात बाईसाहेबांचे पुढचे दोन दात पडलेले. 'दास मेसर'चं, म्हणजे सुरीचं, त्या 'दाथ मेथर' करायच्या, आणि मीही इमानेइतबारे महिनाभर तेच म्हणत राहिले. भांड्यांच्या दुकानात 'दाथ मेथर' मागितली, तर दुकानदार पोट धरून हसला. पण इंग्रजीवर उतरला नाही!

आणखी एक. जर्मनमध्ये परक्याला 'झी', जवळच्याला 'डू'. लहान मुलं मात्र सरसकट 'डू' म्हणतात. त्या शहरात मला पहिल्यांदा कुणी अगं-तुगं केलं असेल तर ते हिनं. चूक पकडायची, पण 'तू कुठली?' हे तिनं कधी विचारलं नाही. तिला फक्त चमच्याशी मतलब.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

मुख्य मुद्दा पळतच सांगते. १९७०च्या दशकाच्या शेवटी मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात, राजधानी मानाग्वाला, कर्णबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. शिक्षक स्पॅनिश ओठांवरून वाचायला शिकवत होते. मुलांनी मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये आपसात खुणांची भाषा रचली. मागून आलेल्या धाकट्यांनी तिचं व्याकरण आणखी घट्ट केलं. मोठ्यांनी आराखडा दिलेला नव्हता. यावर खरं तर तासभर बोलायचं होतं.

आणि २०१५. त्या वर्षी जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार माणसं आश्रयाला आली. बर्लिनच्या शाळांत नव्या मुलांसाठी 'विल्कोमेन्सक्लासे', म्हणजे स्वागतवर्ग होते. त्यातलाच, सीरियाहून आलेला एक मुलगा आमच्या अंगणात दाखल झाला. त्याचीही चमच्याची परीक्षा झाली, तोही माझ्यासारखाच नापास. अरबीत नपुंसकलिंगच नाही, करणार काय? त्यानं चमचा हिसकावून घेतला आणि म्हणाला, 'मिलअका!' मग बाईसाहेबांना ते म्हणता येईना. उन्हाळा संपायच्या आत तो मला 'डेअर, डेअर' म्हणून दुरुस्त करायला लागला. त्याचेही दात तोवर पडले होते. सुरीला तोही 'दाथ मेथर'च म्हणायचा.