नदीपलीकडची कचेरी

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा राज्य आहे आणि त्यात विलकॉक्स नावाची एक काउंटी. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखाच कारभाराचा भाग, पण इथली वस्ती मात्र २०२०च्या जनगणनेत साडेदहा हजारांच्या आसपास. १९०० साली ती पस्तीस हजारांवर होती. म्हणजे माणसं निघून गेली. कॅमडेन हे मुख्य गाव. तिथं १८५०च्या दशकातली, उंच खांबांची कोर्टाची इमारत आहे. आजच्या गोष्टीत नदीपलीकडच्या एका गावानं त्या इमारतीपर्यंत पोचणं हाच सगळा झगडा आहे, आणि मधे आहे अलाबामा नदी.

कूसा आणि टॅलापूसा या दोन नद्या माँटगोमेरी शहराच्या वरच्या अंगाला एकत्र येतात आणि अलाबामा नदी सुरू होते. ती वळणं घेत दक्षिणेला मोबील बंदराकडे जाते. विलकॉक्समध्ये तिनं असा वळसा घातलाय की आतल्या जमिनीला तिन्ही बाजूंनी पाणी. या वळशातलं गाव म्हणजे जीज बेंड. सरकारी कागदांत त्याचं नाव बॉयकिन आहे, पण जगाला ठाऊक आहे ते जीज बेंडच.

हा सगळा कापसाचा मुलूख. १८१६ साली जोसेफ जी नावाचा जमीनदार नॉर्थ कॅरोलायनाहून गुलाम घेऊन इथं आला. गावाला नाव त्याचं. १८४५ साली कर्जाच्या देण्यात ही जमीन त्याच्या नातलगाकडे, मार्क पेटवे याच्याकडे गेली. पेटवेनं आणखी शंभराच्या आसपास गुलाम आणले, तेही नॉर्थ कॅरोलायनाहून अलाबामापर्यंत पायी चालवत. आजही गावात ज्याला त्याला आडनाव विचारा, पेटवे! मालक गेला, आडनाव मागे ठेवून गेला.

कापूस नदीकाठच्या धक्क्यांवरून वाफेच्या बोटीत चढायचा, मोबीलला जायचा, तिथून लिव्हरपूल आणि पुढं लँकेशायरच्या गिरण्या. १८६१ साली अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि गिरण्यांचा कापूस तुटला. मग भाव आला आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला. त्या पैशावर मुंबईत शेअर्सचा जुगार रंगला आणि १८६५ साली युद्ध संपल्यावर तो कोसळला. विलकॉक्सशी आपला संबंध इतका जुना आहे, आणि शाळेत तो कुणी सांगितला नव्हता.

गुलामगिरी कायद्यानं संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. गावकरी वाट्यानं शेती करू लागले. बी-भरण, तेल-मीठ सगळं कॅमडेनच्या व्यापाऱ्याकडून उधार. १९३२ साली असा एक सावकार-व्यापारी वारला आणि त्याच्या वारसांनी वसुलीला माणसं पाठवली. त्यांनी बैल, खेचरं, कोंबड्या, अवजारं, साठवलेला मका, जे दिसेल ते नदीपार नेलं. तो हिवाळा गावानं रेड क्रॉसच्या शिध्यावर काढला.

पुढं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनं इथं लक्ष घातलं. १९३७ साली सरकारी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टाइन इथं आला. त्याच्या फोटोंत लाकडी ओंडक्यांची घरं दिसतात आणि आत भिंतींवर वर्तमानपत्रांचे कागद चिकटवलेले दिसतात, फटींतून वारा येऊ नये म्हणून. सरकारनं ती जमीन विकत घेतली, घरं बांधली आणि १९४०च्या दशकात स्वस्त कर्जावर कुटुंबांच्या नावे करून दिली. माझ्या मते या गावाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच. कारण वीस वर्षांनी मतदानाचा हक्क मागायची वेळ आली, तेव्हा आसपासच्या वाटेकऱ्यांना मालकांनी घराबाहेर काढलं. जीज बेंडच्या माणसांना मात्र स्वतःच्या घरातून कोण काढणार?

१९६५ साल उजाडलं तेव्हा विलकॉक्समध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, आणि मतदार यादीत त्यांच्यातला एकही नव्हता. शून्य. नाव नोंदवायचं तर कॅमडेनच्या त्याच कोर्टकचेरीत. गावातून फेरीबोटीनं नदी ओलांडली की पुढं कॅमडेन हाकेच्या अंतरावर. पण लोक नावनोंदणीची भाषा करू लागले आणि १९६२ साली फेरी बंद झाली. आता रस्त्यानं वळसा घालून तासभराची वाट, आणि गाडी किती जणांकडे? त्या वेळच्या शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, नावावर एक वाक्य अजून सांगितलं जातं: ते काळे आहेत म्हणून आम्ही फेरी बंद केली नाही, आपण काळे आहोत हे ते विसरले म्हणून बंद केली. १९६५च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग गावच्या चर्चमध्ये येऊन बोलले. लोक कचेरीवर गेलेच. ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला, आणि १९७८ साली या काउंटीनं प्रिन्स अरनॉल्ड हा कृष्णवर्णीय शेरीफ निवडून दिला.

आता गोधड्यांबद्दल, कारण जीज बेंडचं नाव जगात झालं ते त्यांच्यामुळे. गार वाऱ्याच्या घरात बायकांनी जुन्या कपड्यांच्या, पिठाच्या नि खताच्या पोत्यांच्या गोधड्या शिवल्या. मिझुरी पेटवे या बाईनं १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, त्याची आठवण म्हणून अंगावर घ्यायला. अशा गोधड्यांत पँटचा निळा रंग गुडघ्यावर पार विटलेला असतो, आणि जिथं खिसा उसवलाय तिथं मूळचा गडद निळा चौकोन तसाच राहिलेला. नक्षी काढायला बसायची गरजच नाही, अंगमेहनतीनंच ती काढून ठेवलेली. १९६६ साली शेजारच्या वस्तीत फ्रीडम क्विल्टिंग बी ही बायकांची सहकारी संस्था निघाली, घरात रोख पैसा येऊ लागला. २००२ साली याच गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या. मग पैशांचा वाद आलाच. काही जणी २००७ साली कोर्टात गेल्या, पुढं तडजोड झाली. असल्या गोष्टी कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाहीत.

नदीनं मात्र आणखी एक घाव घातला. खरं तर नदीनं नाही, धरणानं. १९६०च्या दशकात खालच्या अंगाला मिलर्स फेरी धरण बांधलं, आणि गावाची काठावरची सगळ्यात कसदार जमीन पाण्याखाली गेली. जी जमीन मिळवायला शंभर वर्षं लागली, तीच. आज त्या जलाशयात मासेमारीच्या हौसेनं लोक लांबून येतात.

फेरी परत आली २००६ साली, म्हणजे ४४ वर्षांनी. त्याच वर्षी अमेरिकेच्या टपाल खात्यानं जीज बेंडच्या गोधड्यांची तिकिटं काढली. २०१९ पासून फेरी पूर्ण विजेवर चालते. माणसं आणि गाड्या दोन्ही नेणारी अशी ही अमेरिकेतली पहिलीच. पलीकडे जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आपली मुलं-नातवंडं अटलांटाकडे असतील, तर त्यांच्याकडे गेल्यावर सेल्मामार्गे कॅमडेनला जरूर जा. निघण्याआधी फेरी चालू आहे का ते विचारून घ्या, नदी चढली की ती बंद ठेवतात.

नमस्कार.