खुलताबादचा मकतब

(दृश्य: घाटरस्ता, वर गाव, पहाटेच्या फजर नमाजनंतरचा उजेड)

वेरूळच्या लेण्यांकडून घाट चढून आलं की खुलताबाद. पर्यटक औरंगजेबाच्या कबरीपाशी पाच मिनिटं थांबतात आणि गाडीत बसतात. आपण गल्लीत वळू.

(दृश्य: कुरआन ठेवायची घडीची लाकडी रेहाल, कायद्यावर फिरणारी बोटं)

मकतब म्हणजे मुलांना कुरआन शिकवायचा वर्ग. शाळेआधीचा हा तासभर. लहानांपुढे नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक: अलिफ, बे, ते, मग जबर-जेर-पेश ही स्वरचिन्हं. कायदा संपला की नाजरा, म्हणजे कुरआन बघून वाचणं. पुष्कळ मकतबांत शिकणं इथेच थांबतं. सुरा तोंडपाठ, अर्थाचा पत्ता नाही. इथले उस्ताद मात्र कुरआन मिटल्यावरही मुलांना बसवून घेतात, अर्थ सांगतात. सहिष्णुतेवर भाषणं ठेवण्यापेक्षा हा वेळ मोलाचा, असं आम्हाला वाटतं.

आज सूरह हुजुरातची तेरावी आयत. माणसांच्या कौमा आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून. अल्लाहपाशी थोर तो, जो जास्त परहेजगार, म्हणजे वाईटापासून दूर राहणारा. मग बुखारी या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांची एक आठवण. एक जनाजा चालला होता, पैगंबर उठून उभे राहिले. कुणीतरी सांगितलं, हा यहुद्याचा आहे. ते म्हणाले, तो जीव नव्हता का?

(दृश्य: मागच्या रांगेतला मुलगा. मूळ आवाज ठेवा.)

"उस्ताद, अपन भी खड़े रहना क्या?"

(उस्तादांचा चेहरा. निवेदन नाही.)

(दृश्य: दर्ग्याचं आवार, मग दौलताबादचा किल्ला)

ही शिकवण या मातीला नवी नाही. सूफी संत निजामुद्दीन औलियांचे मुरीद, म्हणजे शिष्य, बुऱ्हाणुद्दीन गरीब दिल्लीहून दख्खनेत आले. १३३७ मध्ये वारले, त्यांची मजार इथलीच. मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर त्यांच्याच नावाचं. पलीकडे देवगिरी, तिथे जनार्दनस्वामींपाशी पैठणचे एकनाथ शिकले. नाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघं एकमेकांच्या धर्माची उणीदुणी काढत कडाकडा भांडतात, आणि शेवटी समेट करतात. उस्ताद मोठ्या मुलांना हे मराठीतूनच वाचून दाखवतात. भांडण रंगलं की वर्ग खिदळतो.

(दृश्य: दप्तरं, चपला, पळापळ)

सुरुवातीला काही पालकांनी कुरकुर केली, एक-दोघांनी मुलं काढून घेतली. बाकीची येतात.

मोठ्या मुलांना पैठणला नाथांचा वाडा दाखवायचं ठरलंय. जीपचं भाडं वर्गणीतून.