खाल्लेली पानं

हा आमचा कढीपत्ता. म्हणजे उरलेला. वरच्या तीन-चार फांद्यांना पानं आहेत, खाली नुसत्या काड्या, आणि फोडणी द्यायची वेळ आली की आई अजूनही माझ्याकडेच बघते, कारण दोन वर्षांपूर्वी फवारणी मीच बंद करायला लावली.

आता जरा जवळून बघा. त्या पानावर चिमणीची शिट पडलीये ना? ती शिट नाहीये, अळी आहे. लाइम बटरफ्लायची. लहान असते तेव्हा अशीच दिसते, शिट कोण खायला जाणार! मोठी झाली की हिरवीगार, पानात पान, शोधून सापडत नाही, आणि बोट लावलंत तर डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढते आणि असला उग्र वास सोडते की आपणच हात मागे घेतो.

मध काय, फुलपाखरू कुठल्याही फुलातला पितं, झेंडू पण चालतो. पण अंडी घालायची म्हटलं की मादीचे नखरे सुरू. पानावर पाय आपटत बसते, कारण तिला चव पायानं कळते, नाही पटलं की पुढच्या झाडावर. कढीपत्ता, लिंबू, बेल हे सगळं एकाच कुळातलं, त्यामुळे तिला ते चालतं. 2015 साली आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, तीही याच कुळावर अंडी घालते. गेल्या पावसाळ्यात एक आली होती, काळी, निळी, तळहाताएवढी, पाच मिनिटं लिंबाभोवती फिरली आणि गेली, मी मोबाइल शोधतच बसलो.

आधी या बागेत काय होतं, तर अरेका पाम, क्रोटन आणि लॉन. पाच वर्षांत एका पानाला भोक नाही. आम्हाला वाटायचं काय झाडं जपलीयेत! भोक नाही म्हणजे कोणी जेवायलाच आलं नाही, हे फार उशिरा कळलं.

ही रुई मात्र लावलेली नाही, कंपाउंडच्या कडेला आपली आपण उगवली. आई शनिवारी मारुतीला माळ करते, तिला पानं अख्खी हवीत आणि इथे काळे-पांढरे-पिवळे पट्टे घेऊन प्लेन टायगरच्या अळ्या बसलेल्या. रुईच्या चिकातलं विष या अळ्या पोटात साठवतात, ते फुलपाखरातही उतरतं, मग एकदा तोंड पोळलेला पक्षी परत त्याच्या वाटेला जात नाही. गंमत म्हणजे डॅनाइड एगफ्लायची मादी विषारी नसतानाही हुबेहूब याचाच वेष घेऊन फिरते. तिच्या अळ्या काय खातात माहितीये? घोळ. आपण भाजी करतो तीच, कुंडीत तण म्हणून उपटून टाकतो तीच.

आता सगळं देशीच चांगलं असंही काही नाही हां. पानफुटी मूळची मादागास्करची, पण रेड पियरोची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून मजेत राहते.

एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी घाईघाईत एका नर्सरीतून लिंबाचं तजेलदार रोप आणलं. आठ दिवसांत त्यावर अंडी दिसली, मी खूश, आणि नंतर अळ्या एकेक करून काळ्या पडून मेल्या. माझा अंदाज असा की रोपाला मुळातून औषध दिलेलं होतं, काही औषधं अशी पानापानात उतरतात. आता रोप आणलं की विचारून आणतो, नाहीतर बिया लावतो. लिंबू बीपासून यायला वेळ लागतो, पण अळीला फळ कुठे हवंय.

आणि हा आवाज ऐका, टुविट टुविट टुविट. शिंपी. त्या दोन पानांना शिवून पिशवी केलीये, आत पिल्लं आहेत, आणि त्यांच्यासाठी तो नेतोय आमच्याच कढीपत्त्यावरच्या अळ्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला इतका राग आला की हाकलायला उठलो होतो. आई म्हणाली, अरे, त्यालाही घर आहे.

कढीपत्ता आता भाजीवाल्याकडून येतो, भाजीबरोबर फुकट. काल एक अळी झाड सोडून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीवर चढली, कमरेला रेशमाचा धागा बांधून घेतला आणि कोष करून बसली. आठ-दहा दिवस तरी लागतील. आईने खिडकीला आतून चिठ्ठी चिकटवलीये: उघडू नये.