छ्वानचौ: प्रवाशांनी काय पाहिलं

मंडळी, चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, फूच्यान प्रांतात, छ्वानचौ नावाचं शहर आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातले परदेशी प्रवासी त्याला जैतून म्हणत. हे नाव तिथल्या पांगाऱ्याच्या झाडांवरून पडलं. जगातल्या सर्वांत मोठ्या बंदरांत तेव्हा त्याची गणना होई. २०२१ साली युनेस्कोने तिथली २२ स्थळं जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

सुरुवात मोरोक्कोच्या इब्न बतूता या मुसलमान प्रवाशापासून करू, कारण तो आपल्या मुलखातून गेलेला आहे. दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाचा राजदूत म्हणून तो चीनकडे निघाला, तेव्हा वाटेत दौलताबाद आणि नंदुरबार लागलं. नंदुरबारचे मराठे कसबी कारागीर आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, ते भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी निगुतीने स्नान करतात, असं त्याने नोंदवलं आहे. म्हणजे परक्याच्या घरात काय शिजतं इथपर्यंत त्याची नजर जात असे. १३४५च्या सुमारास तो जैतूनला उतरला. बंदरात शंभरेक मोठी जहाजं होती, लहान तर मोजता येणार नाहीत इतकी, असं तो लिहितो. तिथल्या मखमलीचं आणि रेशमाचं कौतुक करतो. पण शहरात त्याला कोण कोण भेटलं? अर्दबीलचा काझी, इस्फहानचा शेख आणि तब्रीझचा एक व्यापारी, ज्याच्याकडून त्याने हिंदुस्थानात आल्या आल्या कर्ज घेतलं होतं! शहरातल्या चिनी माणसाच्या घरात काय शिजत होतं, हे त्याच्याकडून कळत नाही. नंदुरबारला दिसली ती नजर इथे आपल्या माणसांत रमली. मला त्याचा राग येत नाही. इतक्या लांब आलेल्या माणसाला ओळखीचा चेहरा दिसला की तो तिकडे जाणारच. पण त्याचं वर्णन वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं.

मार्को पोलो त्याच्या अर्धशतक आधीचा. अलेक्झांड्रियाला मिरीचं एक जहाज जात असेल, तर जैतूनला शंभर येतात, हे त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे. असल्या आकड्यांमुळेच लोक त्याला थापाड्या समजत. पण चिनी जहाजांचं वर्णन करताना तो आणखी एक गोष्ट सांगतो. मोठ्या जहाजांच्या पोटात भक्कम फळ्यांनी बंद केलेले तेराएक कप्पे असतात. तळाला भोक पडलं तर पाणी एकाच कप्प्यात राहतं, तोवर माल हलवून डागडुजी करता येते. १९७४ साली छ्वानचौच्या खाडीत, हौचू इथल्या गाळातून सोंग राजघराण्याच्या काळातलं, तेराव्या शतकातलं एक जहाज बाहेर काढलं. आत सुगंधी लाकूड होतं, मिरी होती, आणि कप्पे बरोबर तेरा! ते जहाज आज शहरात पाहायला मिळतं. तो सांगाडा पाहिल्यावर मार्को पोलोवर माझा विश्वास बराच वाढला.

आता या दोघांच्याही लेखनात नसलेली गोष्ट. या शहरात तमिळ व्यापाऱ्यांची वस्ती होती आणि त्यांचं शिवमंदिर होतं. त्याचा तमिळ शिलालेख सापडला आहे, शके १२०३चा, म्हणजे इ.स. १२८१चा. ज्ञानदेवांचं शके १२१२ आपल्याला पाठ आहे. त्याच्या नऊ वर्षं आधी, आपल्याच कालगणनेने, चीनमध्ये तिथला मंगोल बादशहा कुबलाई खान याच्या आरोग्यासाठी शिवाची स्थापना झाली होती.

आज ते मंदिर नाही. १३५७ ते १३६६ या काळात शहरात परदेशी फौजेचं बंड झालं, शेवटी मोठी कत्तल झाली. परक्यांची देवळं, मशिदी, थडगी मोडली आणि त्यांचे दगड पुढे तटबंदीत गेले. विसाव्या शतकात तट पाडायला घेतला तेव्हा ते पुन्हा उजेडात आले. वू वनल्यांग नावाचे तिथलेच एक शाळाशिक्षक हे कोरीव दगड गोळा करत राहिले. त्यांच्याकडे अरबी अक्षरांची थडगी जमली, कमळावर उभे क्रूस जमले, हिंदू शिल्पं जमली. १९५७ साली त्यांनी या दगडांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला आणि तो आज सागरी इतिहासाच्या संग्रहालयात आहे. माझ्या मते छ्वानचौबद्दल सगळ्यांत मोलाचं काम या माणसाने केलं, कुठल्याही प्रवाशाने नाही.

काययुआन हे इ.स. ६८६ सालचं बौद्ध मंदिर. त्याच्या मुख्य मंडपामागे सोळा पैलूंचे दोन खांब आहेत. त्यांवर नरसिंह हिरण्यकशिपूला फाडतो आहे, कृष्ण गोपींची वस्त्रं घेऊन झाडावर बसला आहे. भारतातून गेलेला प्रत्येक जण तिथे फोटो काढतो आणि ‘आपली संस्कृती इथवर पोचली होती’ असं लिहितो. ते खरंच आहे. पण ते खांब त्या जागचे नाहीत. पडलेल्या हिंदू मंदिराचे खांब पुढच्या मिंग राजघराण्याच्या काळातल्या दुरुस्तीत बौद्धांनी आपल्या मंडपाला लावले, म्हणून नरसिंह आज ऊन-पावसापासून सुरक्षित आहे. ही दुसरी गोष्ट आपल्या लेखांत क्वचित येते, आणि ती यायला हवी. जवळच्या छदियान गावात तर चार हातांच्या एका हिंदू मूर्तीला बायका आजही करुणामूर्ती क्वानयिन म्हणून उदबत्ती लावतात.

तुमच्यापैकी कुणी गेलात, तर आधी संग्रहालय पाहा, मग काययुआन. इ.स. १००९ची चिंगचिंग मशीद पायी जाण्याच्या अंतरावर आहे. एक पूर्ण दिवस मात्र लोयांगच्या पुलासाठी ठेवा. १०५३ ते १०५९ या काळात भरती-ओहोटीच्या पाण्यात तो बांधला आणि खांबांचे दगड एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यांच्यावर कालवं, म्हणजे दगडाला चिकटणारे शिंपले, वाढवली. त्या पुलावर भारताचं काही नाही, आणि तरी तो आवर्जून पाहा.