आधी दार, मग शेत

[दृश्य : सप्टेंबरची सकाळ. पूर्व इंग्लंडमधला सफोक परगणा. गव्हाची कापणी झालेलं शेत, धसकटं अजून उभी. फाटकाबाहेर एक जुनी गाडी.]

गाडीच्या डिकीत मेटल डिटेक्टर आहे, म्हणजे जमिनीखालचा धातू आवाजानं दाखवणारं मशीन; हेडफोन आहे, लहान फावडं आहे. यातलं काहीही या माणसानं बाहेर काढलेलं नाही. तो रिकाम्या हातानं अंगण ओलांडतो, पायपुसण्यावर बूट घासतो, दार वाजवतो आणि दोन पावलं मागं सरून उभा राहतो. आतून कुत्रं भुंकतं.

दार उघडतं. तो नाव सांगतो, गाव सांगतो, आणि मग विचारतो, "तुमच्या शेतात मशीन फिरवायची परवानगी द्याल का?"

बहुतेक दारांवर उत्तर येतं, नाही. त्यामागची कारणंही खरी असतात. मागच्या कुणीतरी फाटक उघडं टाकलं आणि मेंढ्या रस्त्यावर गेल्या. कुणी खड्डे न बुजवता निघून गेलं, त्यात जनावराचा पाय मुरगळला. कुणी पेरलेल्या वाफ्यांतून चालत गेलं. बांधावरची भांडणं पाहत जे वाढले, त्यांना त्या शेतकऱ्याचा चेहरा लगेच ओळखता येईल. जमीन आपली असते तेव्हा परक्या माणसाचं पाऊल कुठं पडतं याकडे लक्ष असतंच.

असं मशीन फिरवून जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधायच्या या छंदातल्या लोकांच्या बोलण्यात एक शब्द सतत येतो, 'परमिशन'. "माझ्याकडे तीन परमिशन आहेत," असं ते म्हणतात, तेव्हा त्यांना तीन शेतं म्हणायची असतात. परवानगी आणि जमीन या दोन गोष्टी त्यांच्या भाषेत एकच होऊन गेल्या आहेत. एखाद्याकडे दोन हजार पौंडांचं मशीन असेल, पण परमिशन नसेल तर ते मशीन घरच्या कोपऱ्यात उभं राहतं.

[दृश्य : हॉक्सन गावाची पाटी. सपाट शेतं, दूर चर्चचा मनोरा.]

याच सफोकमध्ये हॉक्सन नावाचं गाव आहे. इथं १६ नोव्हेंबर १९९२ रोजी जे घडलं, त्याची सुरुवात खजिन्यापासून झाली नव्हती. सुरुवात झाली एका हरवलेल्या हातोड्यापासून.

पीटर व्हॉटलिंग इथं शेती करायचे. शेतात काम करताना त्यांचा हातोडा कुठंतरी पडला. एरिक लॉज हे त्यांचे मित्र, बागकामातून निवृत्त झालेले, मेटल डिटेक्टर फिरवण्याचा छंद असलेले. व्हॉटलिंगनी त्यांनाच सांगितलं, जरा बघता का, सापडतो का ते. म्हणजे इथं परवानगी मागावीच लागली नाही, शेतकऱ्यानं स्वतः बोलावलं होतं.

लॉज यांच्या कानात खणखणीत आवाज आला. उकरलं तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, सोन्याचांदीची नाणी. थोडं वर काढलं, आणखी निघू लागलं. आणि तिथंच ते थांबले.

हा थांबण्याचा क्षण मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोठा वाटतो. गुडघ्यापाशी रोमन सोनं आहे, आसपास कुणी नाही, आणि माणूस हात मागं घेतो. व्हॉटलिंग त्या जमिनीचे कूळ होते, मालकी सफोकच्या काउंटी कौन्सिलची, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेची होती. दोघांनी कौन्सिलला कळवलं, पोलिसांना कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि एका दिवसात सगळा साठा बाहेर काढला. जिथं वस्तू एकमेकींना चिकटलेल्या होत्या तिथं मातीची मोठी ढेकळं अख्खीच उचलून प्रयोगशाळेत नेले.

म्हणून आज आपल्याला नुसत्या वस्तू माहीत नाहीत, त्या कशा ठेवल्या होत्या तेही माहीत आहे. लाकडी पेटी कुजून गेली होती, तरी तिचा आकार मातीत राहिला होता. आतल्या लहान पेट्यांची चांदीची इवलीशी कुलुपं सापडली. जवळपास १५ हजार नाणी आणि सुमारे २०० सोन्याचांदीच्या वस्तू होत्या. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, रोमची सत्ता ब्रिटनमधून ढासळत असताना, एका श्रीमंत घरानं हे सगळं नीट रचून, बांधून जमिनीत ठेवलं. परत येऊ, अशा भरवशानं ठेवलं असावं. नाहीतर इतकं जपून कोण रचतं?

[दृश्य : चांदीची लहान मूर्ती, जवळून. केशरचना, कानातले, हातातली गुंडाळी.]

त्यातली ही एक वस्तू. वीतभरसुद्धा उंच नाही. चांदीची, जागोजागी सोन्याचा मुलामा दिलेली, एका प्रतिष्ठित बाईची अर्धमूर्ती. आतून पोकळ. तळाला फिरणारी चकती आहे. एका जागी फिरवली की डबी बंद, दुसऱ्या जागी आणली की तळ पूर्ण उघडतो आणि भरता येते, तिसऱ्या जागी बारीक भोकं समोर येतात आणि भुरभुरता येतं. आत भरायची होती मिरपूड. रोमनांच्या काळी मिरं हिंदुस्थानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरून जायचं, मलबारमधून. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा माल तांबडा समुद्र, इजिप्त, रोम करत इंग्लंडच्या जेवणाच्या टेबलावर पोचला होता. मी ही डबी ब्रिटिश म्युझियमच्या काचेमागं पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ तिथून हललो नाही.

या साठ्याची किंमत १७ लाख ५० हजार पौंड ठरली. तेव्हाच्या कायद्यानं बक्षीस फक्त शोधणाऱ्याला मिळायचं, शेतकऱ्याला काहीच नाही. लॉज यांनी ते व्हॉटलिंगबरोबर वाटून घेतलं. कायद्यानं सांगितलं नव्हतं. पुढं १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट आला, आणि शोधणाऱ्याबरोबर जमिनीच्या मालकालाही वाटा देण्याची रीत पडली. साधारणपणे निम्मानिम्मा. म्हणजे दोन मित्रांनी जे आधीच केलं होतं, ते नंतर नियमात आलं.

आणि हो, तो हातोडासुद्धा सापडला. तोही ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

[दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. चहाचे मग. एक साधा कागद, त्यावर दोन सह्या.]

आता कायद्याकडे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मेटल डिटेक्टर बाळगायला परवाना लागत नाही. पण प्रत्येक इंच जमीन कुणाची ना कुणाची असते. बागेची, चरायच्या कुरणाची, समुद्रकिनाऱ्याचीसुद्धा. न विचारता शिरलात तर अतिक्रमण, न सांगता काही उचललंत तर चोरी. संरक्षित स्मारकाच्या जागेवर तर मालकानं हो म्हटलं तरी भागत नाही, सरकारी यंत्रणेची वेगळी संमती लागते.

सार्वजनिक बाग म्हणजे सगळ्यांची, असा एक समज असतो. सरे परगण्यात फार्नहॅमच्या बागेत एकाला मध्ययुगीन सोन्याची पिन सापडली. कपड्याला लावायची, नक्षीची. प्रकरण कोर्टात गेलं. १९९५ मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला की जमिनीच्या आत असलेली वस्तू जमिनीच्या मालकाची, इथं ती कौन्सिलची. बागेत फिरायला येण्याची मुभा म्हणजे खणायची मुभा नव्हे.

जमीन कुळाकडे असेल तर कुळालाही विचारायचं आणि मालकालाही. होकार मिळाला की कागदावर लिहून घ्यायचं. कुठलं शेत, कुठल्या महिन्यांत, सापडलेल्याची वाटणी कशी. हे लिहून घेणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. सॉमरसेटमधल्या च्यू व्हॅलीत २०१९ मध्ये सात जणांना २,५८४ चांदीची नाणी सापडली, १०६६ च्या नॉर्मन आक्रमणाच्या आगेमागची. २०२४ मध्ये ती ४३ लाख पौंडांना संग्रहालयासाठी घेतली गेली. अर्धे पैसे जमीनमालकाला, अर्धे सात जणांत. एवढी रक्कम समोर आल्यावर भल्याभल्यांची नाती तुटतात. नाणी निघायच्या आधी, चहा पिताना ठरलेली वाटणीच अशा वेळी उपयोगी पडते.

मौल्यवान ठेवा सापडला तर १४ दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. मुंबईकरांना हे पद ठाऊक असेल, १९९९ पर्यंत मुंबईतही कॉरोनर होता, अपघाती मृत्यूंची चौकशी करायचा. इंग्लंडमध्ये जमिनीतून निघालेल्या खजिन्याची चौकशीही त्याच्याकडेच. बाकीच्या वस्तू, बक्कल, बटण, मोडकी नाणी, स्वेच्छेनं नोंदवता येतात. त्यासाठी १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे. १५ लाखांहून जास्त वस्तू तिथं नोंदल्या आहेत. नेमकी जागा अभ्यासकांना कळते, पण सगळ्या जगाला दाखवली जात नाही. शेतकऱ्यांची भीती तीच असते, की बातमी फुटली तर रात्री बॅटऱ्या घेऊन टोळी येईल. अशा रात्रीच्या चोरांना इथं 'नाइटहॉक' म्हणतात.

[दृश्य : हेरफर्डशर. संध्याकाळ. रिकामं कुरण. निवेदन सावकाश.]

२०१५ च्या जूनमध्ये हेरफर्डशरमधल्या लेमस्टरजवळच्या एका शेतात दोघांना व्हायकिंग काळातला साठा सापडला. सोन्याची अंगठी, सोन्याचं कडं, स्फटिकाचं लोलक, आणि अंदाजे ३०० नाणी. त्यांनी जमीनमालकाला सांगितलं नाही, सरकारलाही नाही. नाणी गुपचूप विकायला काढली. फोनमधले फोटो पुसले, पण पोलिसांनी ते परत मिळवले. मातीतच पडलेली नाणी, ढीग करून पडलेली, त्या फोटोंत दिसत होती. २०१९ मध्ये एकाला १० वर्षांची आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. खटल्यापर्यंत हाती लागली होती ३१ नाणी.

शिक्षेपेक्षा मला त्या नाण्यांचं जास्त वाईट वाटतं. त्यांतल्या काहींवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले आहेत. ती पाडली होती तेव्हाच्या इंग्लंडमधल्या दोन राज्यांच्या राजांनी, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ यांनी. वेसेक्सकडून लिहिल्या गेलेल्या बखरीत केओलवुल्फला मूर्ख, व्हायकिंगांच्या हातातलं बाहुलं म्हणून उडवून लावलंय. नाणी वेगळंच सांगतात. दोघे बरोबरीनं उभे होते, एकाच छापाची नाणी काढत होते. जिंकलेल्यांनी ज्याला खोडलं, त्या माणसाची साक्ष त्या शेतात अकराशे वर्षं पडून होती. आणि सापडल्यावर ती पांगली. बरीचशी नाणी आज कुणाच्या कपाटात आहेत, कोण जाणे. ज्याच्याकडे असतील, त्याला ती कुठून आली हे सांगता येणार नाही. चोरलेल्या वस्तूचा पत्ता लपवावाच लागतो.

[दृश्य : प्रवरेचा काठ. दायमाबादचं टेकाड.]

आपल्याकडचं एक उदाहरण इथं आठवल्याशिवाय राहत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल यांना झुडपाचं मूळ खणताना चार धातूशिल्पं सापडली. बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. त्यांत चोरी नव्हती, मशीन नव्हतं. तरी त्या शिल्पांच्या काळावर अभ्यासक अजून वाद घालतात, कारण ती थरांचा हिशेब ठेवत खणून काढलेली नव्हती. वस्तू इतकी थोर, आणि भोवतालच्या मातीची साक्ष निसटलेली.

अशा ठेव्यांबद्दलचा आपला कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जमिनीत सापडला तर कलेक्टरला लेखी कळवायचं. त्याच्यावर कुणाचा जुना हक्क निघाला नाही तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा, आणि सरकारला हवं असेल तर किंमत देऊन घेता येतं. गावागावांत गुप्तधनाच्या गोष्टी सांगणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? मशीन घेऊन गडावर जाणाऱ्या पोरांना तर कुणीतरी कळवळून सांगायला हवं, की संरक्षित गडावर विनापरवाना खणणं हा गुन्हा आहे. शिवकाळातलं एक शिवराई नाणं तुमच्या खिशात आलं की ते कुठल्या बुरुजापाशी, कुठल्या थरात होतं हे कायमचं पुसलं जातं.

[दृश्य : पुन्हा सफोक. तेच घर. दिवस मावळतीचा.]

सकाळी दार वाजवणाऱ्या माणसाला होकार मिळाला होता. एकाच शेतासाठी, आणि खड्डे बुजवण्याच्या अटीवर. तो दिवसभर त्या धसकटांतून फिरला. प्रत्येक खड्ड्यात माती परत भरून पायानं दाबली. संध्याकाळी त्यानं पुन्हा तेच दार वाजवलं, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर, दिवसभराचं सगळं मांडलं. शिशाची एक गोळी. व्हिक्टोरिया राणीची झिजलेली पेनी. बाटल्यांची झाकणं, तीही. आणि पितळेचं एक बक्कल, घोड्याच्या साजाचं.

म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ते बक्कल उचललं, बाहीला पुसलं, खिडकीच्या उजेडात धरलं. त्याचे आजोबा घोड्यांनी नांगरायचे, त्याच शेतात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग बक्कल खिशात घातलं आणि खिडकीतून पलीकडे बोट दाखवलं.

"तळ्याकडचं ते कुरण दिसतंय ना? तिथं मी अजून कुणाला जाऊ दिलेलं नाही. मेंढ्या हलवल्या की ये."